रिकामं झाल्यावर भंगारवाला घेणार का? पॅकिंगची ऑर्डर द्यायच्या आधी एवढं विचारा: कोल्हापुरातल्या दुकानदारांना खुलं पत्र

कोल्हापुरातल्या समस्त किराणा दुकानदार, मिठाईवाले, फरसाणवाले, चटणी-मसालेवाले, गूळ-काकवीवाले आणि मिसळ-मटणाचं पार्सल देणाऱ्या हॉटेलवाले मंडळींना नमस्कार.

माझं भंगाराचं दुकान आहे, वडलांच्या वेळेपासनं. तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात, कारण तुमचा पुठ्ठा, तेलाचे रिकामे डबे, पत्रा आमच्याकडंच येतोय. तुमच्या दुकानातनं गेलेल्या पिशवीचं, डब्याचं, बाटलीचं पुढं काय होतंय हे गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि तुम्हालाही दिसत नाही, कारण तुमचा संबंध काउंटरवर संपतो. आमचा तिथनं सुरू होतो. रोज ढीग पडतोय, बाया बसून हातानं निवडतात, हे इकडं, ते तिकडं, आणि जे कुठंच बसत नाही ते पोत्यात भरून परत कचऱ्याच्या टिपरमध्ये. हे शेवटचं पोतं वर्षागणिक मोठं होत चाललंय म्हणून हे पत्र.

आत्ताच लिहायचं कारण म्हणजे गणपती उठले की तुमच्यातल्या बहुतेकांची दिवाळीच्या पॅकिंगची ऑर्डर जाती. पाऊचचा रोल छापायला जातो, मिठाईच्या बॉक्सचं डिझाईन ठरतं, बाटलीचं लेबल ठरतं. आणि छपाईचा सिलिंडर, म्हणजे डिझाईन कोरलेला रूळ, एकदा बनवून घेतला की तो वाया जाऊ नये म्हणून तोच पाऊच पुढची कितीतरी वर्षं तसाच चालू राहतो. म्हणजे तुम्ही एका दुपारी सॅम्पल बघून 'हे चांगलं चमकतंय, हेच करा' म्हणालात की पुढच्या लाखो पाऊचचा निकाल त्याच दुपारी लागला. त्यानंतर महापालिकेनं काय करायचं, आम्ही काय करायचं, गिऱ्हाइकानं कितीही ओला-सुका वेगळा केला तरी काय फरक पडणार?

म्हणून मागणं एवढंच आहे. ऑर्डर फायनल करायच्या आधी त्या पॅकिंगचा एक नमुना घेऊन तुमच्या जवळच्या कुठल्याही भंगारवाल्याकडं जावा आणि विचारा, हे रिकामं झाल्यावर तू घेणार काय? घेणार म्हणाला तर त्याला पुढं गिऱ्हाईक आहे, कारखाना आहे, त्याचं काहीतरी परत होणार आहे. नाही म्हणाला तर ती वस्तू एकदा वापरून कायमची कचरा होणार आहे, मग तिच्यावर पुनर्वापराचं तीन बाणांचं चिन्ह छापलेलं असू दे नाहीतर हिरवं पान. कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा ही परीक्षा खरी, कारण यात खिशातले पैसे घालायला लागतात.

आम्ही काय घेतो ते आधी सांगतो. पाण्याची, थंड पेयाची पारदर्शक बाटली, जिला आम्ही पेट म्हणतो, ती कायम जाती, कारखान्यात धुऊन तिचे तुकडे करतात आणि त्याचा पॉलिस्टरचा धागा होतो. एचडीचे, म्हणजे जाड कडक पॉलिथिनचे कॅन, शाम्पूच्या जाड बाटल्या जातात. दुधाची पिशवी जाती, ती एलडी, म्हणजे मऊ पॉलिथिन, एकाच जातीचं प्लॅस्टिक, त्याचे पाइप होतात. (घरच्या माणसांना एक सांगा, पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबकळता ठेवा. तो एवढासा तुकडा कुणाच्याच हाताला लागत नाही, गटारीत जातो. २०१८ ला महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा दुधाची रिकामी पिशवी परत दिली की ५० पैसे परत अशी तरतूद होती, ती नीट चालली असती तर आज चित्र वेगळं असतं असं मला मनापासनं वाटतं.) पुठ्ठा जातो, पत्रा जातो, अ‍ॅल्युमिनियम तर कुणी सोडत नाही. रंगाचं म्हणाल तर बिनरंगाच्या मालाला भाव जास्त, गडद रंगाचा माल फक्त गडदमध्येच मिसळता येतो म्हणून त्याला भाव कमी, आणि काळ्याला सगळ्यात कमी. पार्सलचे काळे डबे घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा, तोच डबा त्याच मटेरियलमध्ये पांढरा किंवा पारदर्शक घेतलात तर निवडणारी बाई तो उचलायची शक्यता वाढते.

आता जे आम्ही घेत नाही त्याच्याकडं येतो, आणि इथं मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

चिवडा, शेव, फरसाण, भडंग, मसाला, सगळं आता चकचकीत पाऊचमध्ये आलंय. हा पाऊच म्हणजे एक वस्तू नव्हे. बाहेरनं पॉलिस्टर, त्यावर छपाई, मधे अ‍ॅल्युमिनियमचा थर नाहीतर मेटलची फिल्म, आणि आतनं सील बसायला पॉलिथिन. हे थर असे चिकटवलेले असतात की परत वेगळे करायची सोय ना आमच्याकडं आहे ना आमचा माल ज्या कारखान्यात जातो तिथं. पॉलिथिन साधारण ११० अंशाच्या आसपास वितळतं, पॉलिस्टरला २५० अंश लागतात, दोन्ही एकत्र भट्टीत घातली की एक वितळायच्या आत दुसरं करपतं. मग कोण घेणार? फार झालं तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं, ते पण गोळा करून, वाळवून, गाठी बांधून तिथंवर पोचवलं तर. एका रिकाम्या पाऊचचं वजन ते किती, दिवसभर पाऊच गोळा करणाऱ्या बाईच्या हातात चहाचे पैसे पण पडत नाहीत, ती कशाला वाकणार त्याला उचलायला.

हा पाऊच कुणी वाईट हेतूनं काढलेला नाही हे मला माहीत आहे. तळलेला माल हवा लागून खवट होतो, उजेडानं होतो, आपल्याकडच्या पावसाळ्यात तासाभरात मऊ पडतो, आणि हे थर त्या सगळ्याला अडवतात. जो चिवडा मुंबईला, पुण्याला, बेंगलोरला जाऊन दुकानाच्या फळीवर दोन-तीन महिने बसणार आहे त्याला हे लागतं, मान्य. पण महाद्वार रोडला सकाळी तळलेली शेव संध्याकाळी गिऱ्हाईक घेऊन जातं आणि घरी पोरं दोन दिवसांत फस्त करतात, तिला सहा महिने टिकायचं कवच कशासाठी? तुमच्या मालातला किती माल गावातच खपतो आणि किती बाहेर जातो हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. मग पॅकिंग पण दोन करा ना. बाहेर जाणाऱ्या मालाला लागतं ते लावा, आणि गावात आठवड्यात संपणाऱ्या मालाला साधी, बिनछपाईची, एकाच जातीच्या प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी आणि त्यावर कागदाचं छोटं लेबल. ती रिकामी झाली की आम्ही घेतो. बाहेर जाणाऱ्या मालासाठी सुद्धा एकाच जातीच्या प्लॅस्टिकचे थर असलेले पाऊच निघालेत, पॉलिथिनवर पॉलिथिन, तुमच्या पॅकिंगवाल्याला विचारा, विचारल्याशिवाय तो दाखवणार नाही कारण त्याच्याकडं जुन्या फिल्मचा स्टॉक पडलेला असतो.

आणि तेवढंही नको असेल तर डबा. आपल्या गावात ही पद्धत अजून मेलेली नाही हो. उन्हाळ्यात चटणी कांडायला माणसं अजून घरचा स्टीलचा डबा घेऊन कांडपावर रांगेत उभी असतात, मिरची, कांदा, लसूण, खोबरं सगळं घरनं आणलेलं, आणि गरम गरम चटणी त्याच डब्यात भरून घरी. एवढ्या मोठ्या प्रमाणावर मसाला तयार होतो आणि त्यात पॅकिंग जवळजवळ नाहीच! गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस पिळून समोर ग्लासात दूध मिळतं, ग्लास धुतला की पुढच्या गिऱ्हाइकाला. हे सगळं गरिबीतलं किंवा जुनाट म्हणून बघू नका, परदेशात आता माणसं ह्याच गोष्टी मुद्दाम दुकानं काढून सुरू करायला लागलेत.

काकवीवाल्यांना वेगळं सांगायचंय. काकवी हल्ली पेटच्या छान बाटलीत मिळते आणि बाटली आम्हाला हवीच असते. पण काही जण तिच्यावर वरपासनं खालपर्यंत रंगीत प्लॅस्टिकची घट्ट बसणारी बाही चढवतात, गरम हवेनं आकसून बसते ती. ती बऱ्याचदा पीव्हीसीची असते. कारखान्यात बाटल्यांचे तुकडे पाण्यात टाकून वेगळे करतात, टोपणाचं प्लॅस्टिक हलकं म्हणून तरंगतं, पेट बुडतं. पीव्हीसी पण बुडतं, जवळजवळ तेवढंच जड असतं, मग ते पेटमध्येच राहतं आणि पुढं तापवलं की पेट पिवळं-काळं पडतं. म्हणजे चांगल्या बाटलीची वाट त्या बाहीनं लागते. त्याऐवजी कागदाचं लेबल, पाण्यात सुटणाऱ्या डिंकाचं, बाटलीच्या एका बाजूला. तुमचं नाव तेवढंच दिसणार, आणि आतली काकवीची तांबूस झळाळी पण दिसणार, जी बघूनच माणूस घेतो. काचेची बरणी वापरताय ते तर उत्तमच, फक्त ती परत घ्यायची सोय करा, रिकामी बरणी आणली की चार पैसे कमी. थंड पेयाच्या काचेच्या बाटलीचं डिपॉझिट असायचं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहेच की.

आता पार्सल. रविवारी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पार्सलला किती गर्दी असती ते मी सांगायला नको. उकळता रस्सा पातळ पिशवीत भरून वर रबर नाहीतर दोऱ्याची गाठ, अशा पिशव्या दुपारनंतर कचऱ्यात इतक्या दिसतात, आत उरलेला रस्सा, तेलाचा तवंग, हाडं, ती पिशवी चांगल्या प्लॅस्टिकची असली तरी कोण धुणार? धुवायला लागणारं पाणी आणि मजुरी त्या पिशवीच्या किमतीपेक्षा जास्त आहे. शिवाय गुरं, कुत्री वासानं पिशवीसकट खातात. यावर कुठलंही भारी मटेरियल चालत नाही, खरं सांगतो, तेलकट ओल्या पॅकिंगचं शेवटी काहीच होत नाही. इथं किटली आणि डबा हाच उपाय. माणसं आणतात, फक्त तुम्ही त्यांना विचारलं पाहिजे. बोर्ड लावा, 'डबा आणल्यास रस्सा एक वाटी जादा'. कोल्हापुरात पैसे कमी केले म्हणून नाही येणार कुणी, पण रस्सा जादा मिळतोय म्हटल्यावर डबा घरातनं निघणारच. फोनवर ऑर्डर घेताना पोरानं एवढंच म्हणायचं, दादा येताना डबा घेऊन या.

पिशव्यांचं बोलतो. कापडासारखी दिसणारी, रंगीत, मऊ, बारीक ठिपक्यांची जी पिशवी साडीच्या दुकानापासनं मिठाईच्या दुकानापर्यंत सगळे देतात ती कापड नाही. ती पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लॅस्टिक. काडी लावून बघा, कापसाची पिशवी जळून राख होते, ही वितळून गोळा होते. दोन-चार वेळा वापरली की तिचे धागे सुटतात आणि ते बारीक धागे मातीत, नाल्यात कुठं जातात कुणाला गोळा करता येणार नाही. गिऱ्हाईक मात्र कापडी पिशवी मिळाली म्हणून समाधानात असतं, आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं, की चांगलं करायची इच्छा असलेला माणूस फसतो. पलीकडं इचलकरंजीला एवढे माग आहेत, तिथल्या कापडाच्या तुकड्यांच्या पिशव्या शिवून घ्या, बचत गटाच्या बायांना काम द्या, आणि पिशवी फुकट देऊ नका, विकत द्या आणि परत आणली तर पैसे परत करा. फुकट मिळालेली कापडी पिशवी पण दोन दिवसांत कोंडाळ्यात जाते, तेव्हा तिच्यासाठी लागलेला कापूस आणि पाणी सगळं फुकट.

आता हिरव्या पानाचं चिन्ह. 'बायोडिग्रेडेबल', 'कंपोस्टेबल', 'इको' असं लिहिलेला माल तुमच्याकडं एजंट घेऊन येत असतील. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात ते समजून घ्या. पहिली, साध्या प्लॅस्टिकमध्ये एक पावडर घालतात आणि सांगतात की हे आपोआप विरघळतं. ते विरघळत नाही, उन्हात त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी तुकडे होतात, डोळ्यांना दिसेनासे होतात पण प्लॅस्टिकच राहतात, युरोपनं असला माल २०२१ पासनं विकायला बंदी घातली. दुसरी, मक्यापासनं किंवा ऊसापासनं केलेलं पीएलए नावाचं प्लॅस्टिक. हे खरंच कुजतं, पण मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात जिथं ढीग आतनं ५५-६० अंश तापलेला ठेवतात तिथं. परसातल्या खड्ड्यात, नाल्यात, पंचगंगेच्या पाण्यात ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं. वरनं ते पारदर्शक पेटसारखं हुबेहूब दिसतं, आमच्या बायांना हातानं ओळखू येत नाही, ते पेटच्या गाठीत गेलं तर सगळी गाठ खराब. त्यामुळं असला ग्लास तुम्ही चांगल्या मनानं घेतलात तरी आमच्या साखळीत तो चांगल्या मालाची नासाडी करतो. असा माल विकायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सर्टिफिकेट लागतं, एजंटकडं मागा ते, पण सर्टिफिकेट असलं तरी विचारा की हे कुजणार कुठं, कोल्हापुरात कुठल्या जागी.

तिसरी गोष्ट म्हणजे जी खरोखर मातीत जाते. पळसाच्या पानांची पत्रावळ, द्रोण, सुपारीच्या विरीची ताटली, ऊसाच्या चिपाडाचा लगदा दाबून केलेली ताटली. आपल्या जिल्ह्यात ऊस किती, चिपाड किती, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. पण इथंही बघून घ्या. पत्रावळीला मागनं किंवा आतनं प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो हल्ली, नखानं कोपरा सोलून बघा, सुटला तर ती पत्रावळ मातीत जात नाही आणि आमच्याकडंही येत नाही. चिपाडाच्या काही ताटल्यांना तेल झिरपू नये म्हणून रसायन लावलेलं असतं, ते मातीत टिकून राहणारं असू शकतं, तेव्हा बिनकोटिंगची मागा. पातळ भाजी असेल तर द्रोण दोन लावा एकात एक, पूर्वी लग्नात लावायचेच की.

कागदी कपाचंही तसंच आहे. चहा गळू नये म्हणून आतनं प्लॅस्टिकचं अस्तर असतं, म्हणून कागदाचा कारखाना ते घेत नाही आणि प्लॅस्टिकवाला पण घेत नाही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा असल्या कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवल्यावर त्यात प्लॅस्टिकचे साधारण २५,००० बारीक कण सापडले. टपरीवर काचेचा ग्लास ठेवा, धुवायला एक पोरगं ठेवा, आपल्याकडं चहा तसाच प्यायला जातो आणि तसाच चांगला लागतो.

मिठाईवाल्यांनो, बॉक्सवर गुंडाळायची पातळ पारदर्शक फिल्म १ जुलै २०२२ पासनं देशभर बंद आहे, थर्माकोलची सजावट, प्लॅस्टिकचे चमचे, प्लेटा, स्ट्रॉ यांच्याबरोबरच. तरी दिवाळीत दिसतेच. ती सोडाच, पण बॉक्सबद्दल विचार करा. साधा पुठ्ठ्याचा बॉक्स आम्ही डोळे झाकून घेतो. त्याच बॉक्सवर वरनं प्लॅस्टिकचं लॅमिनेशन, मधे प्लॅस्टिकची खिडकी, आत चकचकीत खाचांचा ट्रे, कडेला मखमल आणि चुंबकाचं झाकण असलं की तो पुठ्ठा राहत नाही. बॉक्सचं वजन पेढ्याच्या वजनाच्या जवळ जायला लागलंय काही ठिकाणी, आणि देणाऱ्यालाही माहीत असतं की पेढे संपले की बॉक्स उशाला घेऊन कुणी झोपत नाही. लॅमिनेशन न करता पाण्याच्या शाईची छपाई करून मिळते, आतनं तेल अडवणारा कागद बॉक्सला न चिकटवता सुटा टाका, म्हणजे पुठ्ठा कोरडा राहतो. तेलकट पुठ्ठ्याला आम्ही पण हात लावत नाही.

वस्तूंबद्दल पण थोडं. कोल्हापुरी चप्पल, जिला २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ती मुळात बाभळीची साल आणि हिरडा लावून कमावलेल्या कातड्याची, शिवलेली, खिळा नसलेली. झिजली तर तळ बदलायचा, शेवटी टाकली तरी मातीचीच. आता बाजारात कोल्हापुरी म्हणून जे विकलं जातं त्यात वरनं रेक्झिन, खालनं फोमचा किंवा रबराचा तळ आणि मधे सोल्युशन. अशी चप्पल दुरुस्त होत नाही आणि तिचा कुठलाच भाग सुटा करता येत नाही, आमच्याकडं पोत्यानं आली तरी ओझंच. चप्पलवाले मंडळी, गिऱ्हाइकाला सांगा फरक. परगावचं गिऱ्हाईक तर हे ऐकायलाच येतंय आपल्याकडं.

हे सगळं नको झालेलं जातं कुठं? कसबा बावड्याच्या झूम कचरा डेपोवर कचऱ्याचा डोंगर कसा वाढत गेला ते सगळ्या शहरानं बघितलंय आणि बावडेकरांनी नाकानं सोसलंय. जे तिथंवर पण पोचत नाही ते गटारीत, तिथनं जयंती नाल्यात, तिथनं पंचगंगेत. २०१९ आणि २०२१ चा पूर ओसरल्यावर नदीकाठच्या झाडांना, कुंपणांना, ऊसाच्या शेंड्यांना पिशव्या लटकलेल्या होत्या, चकचकीत पाऊच होते, त्यांच्यावरची नावं वाचता येत होती. आपली इथलीच नावं. आणि नदी इथं थांबत नाही, खाली इचलकरंजी, शिरोळ, नरसोबावाडीला कृष्णेला मिळते, तिथं माणसं श्रद्धेनं स्नान करतात. शेतकरी सांगतात नांगराला पाऊच लागतात.

खर्चाचा मुद्दा तुम्ही काढणार आणि तो खरा आहे. काही गोष्टी महाग पडतात, काचेची बरणी महाग पडते, कापडी पिशवी महाग पडते. पण साधी पारदर्शक पिशवी चकचकीत पाऊचपेक्षा स्वस्त आहे, बिनलॅमिनेशनचा बॉक्स स्वस्त आहे, कागदी लेबल बाहीपेक्षा स्वस्त आहे, आणि गिऱ्हाइकाचा डबा तर फुकट. जिथं महाग पडतं तिथं एकट्यानं ऑर्डर देऊ नका. एका गल्लीतल्या, एका पेठेतल्या दहा दुकानांनी एकाच मापाची बरणी, एकाच मापाचा बॉक्स घेतला तर भाव पडतो, आणि रिकामी बरणी कुठल्याही दुकानात परत देता येते. एकाच मापाच्या बरण्या असल्या की धुऊन परत भरायला पण सोपं. पेठांच्या आणि तालमींच्या नावानं आपण एकत्र येतो, यात्रा, सामने सगळं उभं करतो, मग बरण्यांसाठी का नाही?

कायद्याचं म्हणाल तर मोठ्या कंपन्यांवर त्यांच्या पॅकिंगची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी टाकलेली आहे, त्यांना तेवढं प्लॅस्टिक गोळा करून दाखवावं लागतं. ब्रँड असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना त्यातनं सूट आहे. म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांना कुणी विचारायला येणार नाही. मला कुणाला दंडाची भीती घालायची नाही, दंडानं पिशवी लपवून ठेवायची सवय लागते एवढंच मी बघितलंय. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पुराच्या वेळी स्वतःच्या दुकानातला माल काढून घरोघर पोचवलाय, माझ्या निवडणाऱ्या बायांच्या घरात पण तो पोचलाय, म्हणून तुमच्याशी सरळ बोलावंसं वाटलं.

तर नमुने घेऊन या. माझ्याकडंच यायला पाहिजे असं नाही, तुमच्या भागातल्या कुठल्याही भंगारवाल्याकडं जावा, तो सांगेल. आमच्याकडं आलात तर काउंटरच्या मागं जिथं निवड चालते तिथं घेऊन जातो, कुठला पाऊच कुठल्या ढिगात पडतो ते बायांच्या तोंडून ऐका, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, आवाजावरनं प्लॅस्टिकची जात सांगतात त्या. ज्यांचा माल परगावी जातो त्यांनी येताना एवढं सांगा की माल किती दिवस टिकायला पाहिजे आणि कुठल्या गावाला जातो, म्हणजे पॅकिंगवाल्याला एकत्र बसवून कुठली फिल्म चालेल ते ठरवता येईल. बरण्यांचं माप ठरवायला कुणी पुढाकार घेत असेल तर सांगा, रिकाम्या बरण्या गोळा करून आणायचं काम आम्ही भंगारवाले करतो, गाडी आमची. फक्त सिलिंडरची ऑर्डर दसऱ्याच्या आत जाती, त्याच्या आधी या.

तुमचाच,
एक भंगार व्यावसायिक, कोल्हापूर